लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करावं की नको? (फोंडा)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मार्गशीर्षात माझं लग्न आहे, फोंडा तालुक्यात, आमच्या कुळदेवीच्या देवळाच्या हॉलमध्ये. गोव्यात रजिस्ट्रारकडे लागतात त्या दोन्ही सह्या झाल्यात, म्हणजे कायद्याने आम्ही नवरा-बायको झालोच. आता राहिलेत भटजी, पंगत आणि मणगणें (चणाडाळीची खीर). फोटोग्राफर ठरलाय, घोडं अडलंय ते व्हिडिओवर.

फोटोग्राफरच्या ओळखीतल्या एकाने पॅकेज सांगितलंय: दोन कॅमेरे, ड्रोन, चार मिनिटांचा हायलाइट आणि पूर्ण लांबीचा व्हिडिओ, मिळून 70 हजार. होणारा नवरा म्हणतो, "आईबाबांच्या लग्नाची कॅसेट माळ्यावर बुरशी खातेय, कोण बघतं?" बरोबर आहे त्याचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात आमच्या घरची व्हीएचएसही तशीच गेली.

शिवाय चुलतभावाच्या लग्नातला शूटिंगवाल्यांचा धुडगूस मी अजून विसरलेले नाही. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, सनई सुरू झाली, आणि हे म्हणतात फोकस गेला, परत धरा! भटजींनी मुकाट्याने परत धरला. पाहुण्यांना वधूवर दिसलेच नाहीत, दिसल्या त्या कॅमेरावाल्यांच्या पाठी.

माझा जीव खरा अडकलाय आजीत. आदल्या दिवशी घरी चुडे भरताना ती ओव्या म्हणते. त्यातल्या बऱ्याच तिच्या आईकडून आलेल्या, कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत. मधेच अडखळते, मग मावशी पुढचा शब्द पुरवते, दोघी हसतात, आणि ओवी पुढे चालू. हे फोटोत कसं यायचं? आणि पॅकेजात तर फक्त हॉलमधले सकाळी 8 ते दुपारी 3 एवढेच तास!

भावाकडे चांगला फोन आहे, त्याच्यावर भागेल का? देवळाजवळ ड्रोन चालतो का? आणि पैसे कापायचे तर कुठे?

पेडण्याची सून: आम्ही व्हिडिओ केला नाही, काही अडलं नाही. पण आजीचं सोडू नकोस गं. आणि भावावर तर अजिबात विसंबू नकोस. नवरीचा भाऊ त्या दिवशी खुर्च्या मोजणार, व्याह्यांना चहा देणार की फोन धरणार?

म्हापशाचा कॅमेरावाला: हा माझा धंदा, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे ड्रोन काढून टाका. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण हवाई क्षेत्राचे नियम त्यालाही आहेत. सरकारच्या 'डिजिटल स्काय' साइटच्या नकाशावर जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात आहे ते आधी बघावं लागतं, आणि देवस्थान समितीची परवानगी वेगळी. हॉलच्या पत्र्यांचा तीस सेकंदांचा शॉट मिळवायला एवढा खटाटोप कशाला? गाभाऱ्यात कॅमेरा चालतो का तेही समितीला आत्ताच विचारा, बऱ्याच देवळांत चालत नाही.

दुसरा कॅमेराही नको. एकच माणूस, ट्रायपॉडवर, मांडवाच्या एका कोपऱ्यात, आणि "परत धरा" म्हणायचं नाही हे आधीच बजावून ठेवायचं. वाचलेले पैसे आवाजात घाला. चित्र थोडं हललं तर चालतं, पण मंगलाष्टकं फाटकी ऐकू आली की व्हिडिओ कोणी बघत नाही. भटजींना कॉलर माइक लावायचा, आणि हॉलच्या साउंडवाल्याकडून मिक्सरची लाइन घ्यायची. बहुतेक पॅकेजांत यातलं काहीच नसतं, स्पष्ट विचारा.

फोन वापरलाच तर एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन मंगलाष्टकांत केटररचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग बंद. ट्यूबलाइटखाली सेकंदाला 25 फ्रेम्स ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, 30 वर चित्र लुकलुकतं.

सगळं रॉ, म्हणजे न कापलेलं फुटेज मिळणार का ते लिहून घ्या. सेकंदाला 100 मेगाबिटवर 4के शूट केलं तर तासाला 45 जीबी होतं, म्हणून हार्ड डिस्क तुम्हीच विकत आणून द्या, आणि एक नव्हे, दोन. आणि हायलाइटला सिनेमाचं गाणं लावू देऊ नका, यूट्यूबवर टाकलं की हक्काचा दावा येऊन आवाज बंद होऊ शकतो.

आता मुख्य गोष्ट. हॉलमधल्या सात तासांतले तीन कापा आणि तेच आदल्या दिवशी घरी घ्या. पंगतीचं शूटिंग कशाला पाहिजे? जेवताना कोणी चांगलं दिसत नाही. बरेच जण असे तास फिरवून देतात, फक्त विचारावं लागतं.

धागाकर्ती: तास फिरवता येतात हे डोक्यातच आलं नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवलं, पंगतीचं त्याला लगेच पटलं. उद्याच फोन करून ड्रोन वगळून काय सांगतो ते विचारते. एकच शंका: आजी लुगड्याला माइकची क्लिप लावू देणार नाही. मग?

म्हापशाचा कॅमेरावाला: लावूच नका. छोटा रेकॉर्डर तिच्यासमोर हातभर अंतरावर, पाटावर टॉवेलची घडी घालून त्या घडीवर ठेवा. मावशीलाही जवळच बसवा. कासार ज्या बाजूला बसेल त्याच्या उलट्या बाजूला रेकॉर्डर, नाहीतर नुसता चुड्यांचा किणकिणाट येईल. आणि पंखा बंद.