मदत हवी आहे: माणसाची 'ओळख' मराठीत नेमकी कशी मांडावी?

नमस्कार मंडळी. आम्ही घणसोली गावातले. मुलगी बारावीला आहे, मानसशास्त्राच्या प्रकल्पात तिला 'माणसाची ओळख कशाने घडते' यावर लिहायचंय.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने सांगितलेले माणसाच्या वाढीचे आठ टप्पे तिने वाचलेत. 'मी कोण' हा प्रश्न त्यातल्या पाचव्या टप्प्यातला, म्हणजे तिच्याच वयाचा. 17व्या शतकातला तत्त्वज्ञ जॉन लॉक, त्याचं म्हणणं, जिथवर माणसाची आठवण पोचते तिथवर तो माणूस तोच.

इथेच आम्ही अडलो. माझे सासरे आता बरंच विसरतात, नातीचं नावही त्यांना सापडत नाही. पण परवा कोलंबीची पिशवी समोर ठेवली तर न बघता भराभर सोलून मोकळे झाले, बोलले ते आगरीतच. खिडकीतून टॉवरकडे बोट दाखवून विचारतात, "खाडीचं पाणी शेतात शिरलं नाही ना?" 1970 नंतर नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या, त्यात आमचं शेतही गेलं. आठवण गेली म्हणून हा माणूस बदलला, असं मला अजिबात वाटत नाही. मग हातांना जे येतं, तीही ओळखच ना?

शब्दाचाही घोळ आहे. 'ओळख' म्हटलं की परिचय वाटतो, 'अस्मिता' म्हटलं की समाजाचा अभिमान. तिसरा शब्द आहे का?

दिवा, रबाळे, कोपरखैरण्यातले कुणाचे आजी-आजोबा तिच्याशी अर्धा तास बोलतील का? ती घरी येईल. रविवारपर्यंत कळवा, प्लीज.