चेन की झिप? आणि टिचबटण?

प्रश्न: भाचीला म्हटलं, "दप्तराची चेन लाव, डबा पडेल." ती म्हणाली, "मावशी, चेन गळ्यात घालतात, ही झिप आहे." मी लहानपणापासून चेनच म्हणत आले. मराठीत हा शब्द चुकीचा धरायचा का?

उत्तर: मुळीच नाही. 'झिप' हे तरी त्या वस्तूचं मूळ नाव कुठे आहे? शिकागोच्या व्हिटकॉम्ब जडसननं 1893 साली बुटांसाठी अशा बंदाचं पेटंट घेतलं. त्यात हूक आणि अडकवण होतं, आणि ते हमखास सुटायचं. आज आपण वापरतो ती रचना गिडियन सुंडबॅक या स्वीडनमध्ये जन्मलेल्या इंजिनिअरची. त्याला 1917 साली अमेरिकेत पेटंट मिळालं, आणि त्यावर नाव आहे 'सेपरेबल फास्नर', म्हणजे सुटा करता येणारा बंद. पेटंटातली नावं अशीच असतात, वस्तूचं काम सांगणारी पण तोंडात न बसणारी. 'झिपर' नाव आलं 1923 मध्ये, गुडरिच कंपनीच्या रबरी बुटांमुळे. ओढताना होणाऱ्या आवाजावरून ते पडलं, आणि बुटाचं नाव पुढे बंदाला चिकटलं.

एकदा धातूच्या दात्यांची चेन डोळ्यांजवळ धरून बघा. प्रत्येक दात्याला एका बाजूला बारीक उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच खळगा असतो. एकाचा उंचवटा पुढच्याच्या खळग्यात बसतो. रनरच्या आत वर दोन वाटा आणि खाली एकच, त्यामुळे दोन्ही ओळी तिरक्या येऊन एकमेकींत अडकतात. जुन्या बंदात इंचाला चारेक अडकवणी असत, सुंडबॅकनं दहा-अकरा दाते बसवले. दात्यात दाता गुंतलेली ती ओळ साखळीसारखीच दिसते. म्हणून इंग्रजीनं कानानं नाव ठेवलं आणि आपण डोळ्यांनी. 'चेन' शब्द इंग्रजी असला तरी हा अर्थ आपल्याकडचा आहे, आणि मला तो फार नेमका वाटतो.

कानानं नाव ठेवणं आपल्यालाही येतंच. झबल्याचं टिचबटण आठवा! दाबलं की टिच्. त्याच्या इंग्रजी नावाची कुणाला आठवणही होत नाही.

आणखी एक उत्तर: शेतीतलं उदाहरण देतो, कडबाकुट्टी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराबरोबर हे यंत्रही बनवलं. हातानं फिरवायचं मोठं चाक, त्याच्या आऱ्यांवर पाती, आणि कडब्याची पेंढी पन्हाळीतून पुढे सरकवायची. इंग्रजीत ते 'चाफकटर'. आमच्या घरी हा शब्द कुणी उच्चारला नाही. कुट्टी म्हणजे खरं तर कापलेला कडबा, जनावरापुढे टाकायचा तो. पण आजोबा ओरडायचे, "कडबाकुट्टीला हात लावू नकोस, बोटं जातील!" तेव्हा ते यंत्राबद्दलच बोलत असायचे. चाऱ्याचं नाव यंत्रावर गेलं आणि चाऱ्यालाही राहिलं. "कुट्टी केली का?" आणि "कुट्टी बिघडली" ही दोन्ही वाक्यं एकाच गोठ्यात चालतात, आणि गोंधळ कुणाचाच होत नाही.

मूळ प्रश्नकर्ती: मग चेनच म्हणेन, भाचीलाही टिचबटण सांगते. एक राहिलं. आमचा शिंपी रनरवर मेणबत्ती घासून देतो आणि त्याला 'रनर'च म्हणतो. तुमच्याकडे त्या सरकत्या तुकड्याला दुसरा शब्द आहे का?