थेस्सलोनिकीत दीड दिवस मोकळा मिळतोय, काय बघू?

सुरंगी, रत्नागिरी:
नमस्कार मंडळी, ऑक्टोबर अखेरीस ग्रीसमध्ये थेस्सलोनिकीला कॉन्फरन्स आहे, मत्स्यपालनावर पेपर वाचायचाय. शेवटी दीड दिवस मोकळा आहे. ऑफिसात जो तो म्हणतोय सँटोरिनी बेट करून ये, फोटो भारी येतात, पण त्यात नुसती बॅग उघड-मीट होईल असं वाटतंय. सोबत आई आहे, गुडघे दुखतात तिचे, पण देवळं कितीही दाखवा, दमत नाही. आणि मासे बरे मिळतात का, हा प्रश्न तिचा.

देवगडचा खलाशी:
सँटोरिनी विसरा ताई. मी मालवाहू बोटीवर असताना दोनदा तिथल्या बंदरात उतरलोय. समुद्राच्या कडेकडेने चालत सुटायचं, अरिस्टॉटल चौक लागतो, मग पांढरा बुरूज, तुर्कांच्या काळातला, आत पायऱ्यांऐवजी गोल फिरत जाणारा चढ आहे, फक्त शेवटी वर अरुंद जिना, तिथे आईंना खाली बसवा. सकाळी हवा स्वच्छ असली तर खाडीपलीकडे ऑलिंपस पर्वत दिसतो, २९१७ मीटर! आणि फ्रापे, म्हणजे थंड फेसाळ कॉफी प्या, ती १९५७ साली त्याच शहरातल्या जत्रेत, म्हणजे व्यापारी प्रदर्शनात, जन्मली.
माशांचं म्हणाल तर मिळतात, पण मेनूवरचा भाव किलोचा असतो बरं का, ताटाचा नाही. मला एका खानावळीत बिल बघून घाम फुटलेला, चूक माझीच होती, विचारलं नव्हतं.

पावटेकर, चिपळूण:
खलाशीबुवा, नुसती हवा खायला इतक्या लांब जायचं का? टॅक्सी करून व्हेर्गिना गाठा. अलेक्झांडरच्या बापाची, फिलिपची कबर मानतात ती तिथे १९७७ ला सापडली, वर मातीचा ढिगारा, आत अंधारात सोन्याची पेटी. अर्धा दिवस सहज जातो. मी तर म्हणतो बाकी काही नाही बघितलं तरी चालेल.

देवगडचा खलाशी:
अर्धा दिवस गाडीत गुडघे दुमडून बसायचं? त्यापेक्षा संत दिमित्रिओसचं चर्च बघा, शहराचा ग्रामदेवच म्हणा ना. तळघरात रोमन हमामाचे अवशेष आहेत. १९१७ च्या आगीत चर्च जळलं, अख्खं मधलं शहर जळलं, सत्तर हजारांवर माणसं बेघर झाली, त्यानंतर ते तळघर पुन्हा उजेडात आलं. त्याचा सण २६ ऑक्टोबरला, तारखा जुळतायत का बघा, आईंना तर पर्वणीच. तिथून जवळच रोटुंडा, रोमनांनी बांधलेली गोल इमारत, भिंती सहा मीटरहून जाड, पुढे चर्च झालं, मग मशीद, मिनार अजून उभा. आगीतून वाचलेली वरची जुनी आळी चढाची आहे, तिथे बसनेच जा.
आणि एक, तुमच्या कामाचं. शहराच्या पश्चिमेला खाडीत दोरांवर शिनाणे, म्हणजे इंग्रजीत मसल्स म्हणतात ते शिंपले, वाढवतात. आपल्याकडे मुलं गळाभर पाण्यात उतरून खडकावरची खरवडतात, तिथे बोटीतून दोर ओढून काढतात. भातात शिजवतात, त्याला मिदोपिलाफो म्हणतात.

सुरंगी, रत्नागिरी:
अहो हे आधी सांगायचं ना! माझा पेपरच शिनाण्यांवर आहे!! कॉन्फरन्सवाल्यांना आत्ताच मेल टाकते, बोटीतून न्या म्हणून. व्हेर्गिना रद्द, पावटेकर रागावू नका. आई विचारतेय, त्या भातात नारळ घालतात का.

देवगडचा खलाशी:
नाही हो. लिंबू पिळतात.