उन्हाळा आणि लिक्विड कूलर

खानदेशातल्या उन्हाळ्यात लिक्विड कूलरशिवाय (म्हणजे प्रोसेसरची उष्णता नळ्यांतल्या द्रवाने बाहेर नेणाऱ्या यंत्रणेशिवाय) गेमिंगचा संगणक टिकणार नाही, हे मत मला पटत नाही. पाण्याचा असो वा हवेचा, असा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कॅबिनेटमध्ये पुढून हवा आत येण्याची आणि मागून बाहेर पडण्याची वाट मोकळी असणे अधिक महत्त्वाचे ठरते. मी पहिला संगणक जोडला, तेव्हा गेम सुरू होताच प्रोसेसर 95 अंशांवर जाई आणि त्याचा वेग आपोआप उतरे. दोन दिवस मी उन्हालाच दोष देत होतो. शेवटी कूलर काढून पाहिला, तर त्याच्या तांब्याच्या तळावर चिकटवलेली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी तशीच राहिली होती आणि प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट तिच्यावरच पसरली होती. पट्टी सोलून, जुनी पेस्ट पुसून नवी लावल्यावर त्याच खोलीत तोच गेम 75 अंशांच्या आत चालू लागला.

नवीन जोडणी करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी: खोलीतल्या वाळ्याच्या कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नये. त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषारही येतात, आणि बोअरचे पाणी जड असेल तर पुढच्या जाळीवर क्षारांचा पांढरा थर धरतो, जो नुसत्या ब्रशने निघत नाही.