घरच्या लॅपटॉपपर्यंत कमी खर्चात बिनतारी इंटरनेट : आपले अनुभव लिहा

आपल्या सीमाभागातील घरांत इंटरनेट पोहोचते ते बहुधा एकाच जागी: फोनला रेंज मिळते त्या खिडकीत, नाहीतर जोडणी देणाऱ्याने तार सोडून दिली त्या सोप्यात. लॅपटॉप मात्र माजघरात किंवा माडीवर असतो. मधले अंतर आपण बिनतारी कसे पार केले, त्याला किती पैसे लागले आणि कोठे फसलो, हे येथे सविस्तर लिहावे. कोणत्या कंपनीचा प्लॅन स्वस्त, ही चर्चा कृपया नको.

सुरुवात माझ्यापासून. २००९ साली टिळकवाडीतल्या आमच्या घरी एकच तार जोडता येईल असा मोडेम (इंटरनेटची जोडणी घरात उतरवणारे यंत्र) होता आणि ती तार खालच्या खोलीतल्या जुन्या संगणकात जात असे. राउटर, म्हणजे ती जोडणी वाय-फायने घरभर वाटणारे यंत्र, घेण्याऐवजी मी त्या संगणकाला यूएसबीचे वाय-फाय यंत्र लावले आणि विंडोज एक्सपीतील इंटरनेट वाटून देण्याच्या सोयीने माडीवरचा लॅपटॉप थेट त्याला जोडला. काम झाले, पण लॅपटॉप वापरायचा तर खालचा संगणकही चालू ठेवावा लागे, आणि त्या जोडणीला डब्ल्यूईपी ही जुनी, सहज फुटणारी सुरक्षा तेवढी मिळत होती. पुढे विंडोज ७ मध्ये ‘नेटएसएच’ या टाइप करून द्यायच्या आज्ञेने संगणकालाच वाय-फायचे केंद्र करता आले आणि डब्ल्यूपीए२ ही अधिक भक्कम सुरक्षाही मिळाली. मात्र संगणक बंद करून पुन्हा लावला की ती आज्ञा नव्याने द्यावी लागे. म्हणून तिची एक बॅच फाइल (उघडताच आज्ञा आपोआप देणारी फाइल) करून पडद्यावर ठेवली होती आणि वडील रोज सकाळी चहाच्या आधी तिच्यावर दोनदा टिचकी मारत. शेवटी राउटर घेतलाच. त्याचा आणि मोडेमचा घरच्या जाळ्यातला अंकी पत्ता एकच, १९२.१६८.१.१, निघाल्यामुळे एकही पान उघडेना आणि अर्धा दिवस वाया गेला. राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ केल्यावर सगळे सुरळीत झाले. इतरांनी लिहिलेले अनुभव त्यांच्या गावाच्या नावाखाली पुढे दिले आहेत.

जांबोटी परिसर, खानापूर तालुका

आमचे घर जांभ्या दगडाचे, भिंती दीड हात जाड. रेंज मिळते ती केवळ माळ्याच्या पश्चिमेकडील खिडकीत. टाळेबंदीत मुलीचे वर्ग सुरू झाले तेव्हा ती पहिले काही दिवस त्या खिडकीपाशी पोत्यांवर बसून शिकली. मग पडद्याला तडा गेलेला एक जुना फोन खिडकीत कायमचा ठेवून त्याचा हॉटस्पॉट (फोनचे इंटरनेट वाय-फायने दुसऱ्या यंत्राला देण्याची सोय) सुरू केला. परंतु खाली लॅपटॉपवर त्याचे नावच दिसेना. रेंज कमी पडते असे समजून आम्ही फोन खिडकीभर फिरवत राहिलो. खरे कारण वेगळेच होते. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा वेगवेगळ्या पट्ट्यांवर चालते; फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर होता आणि लॅपटॉप जुना असल्याने त्याला केवळ २.४ गिगाहर्ट्झ समजत होते. फोनच्या सेटिंगमध्ये तेवढा बदल करताच नाव दिसू लागले. २.४ चा वेग कमी असला तरी भिंतीतून पलीकडे तोच अधिक चांगला जातो, त्यामुळे आम्हाला तसाही तोच उपयोगी होता. फोन थेट माजघरावर येईल असा फळीच्या टोकाला सरकवला, तेव्हा वाय-फायच्या लाटांना दगडी भिंतीऐवजी माळ्याच्या फळ्यांतून उतरणे सोपे झाले. खर्च म्हणाल तर लांब वायरीच्या चार्जरचे २५० रुपये. मात्र सतत चार्जिंगवर ठेवल्याने आठ महिन्यांत त्या फोनची बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले. असे काही दिसले तर फोन ताबडतोब बंद करून बाजूला काढावा. आता दुसरा फोन तेथे आहे आणि त्याचा चार्जर रात्री काढून ठेवतो.

निपाणी

आमच्याकडची अडचण सरहद्दीची. सिम कार्ड कर्नाटक सर्कलचे (मोबाइल सेवेच्या विभागाचे), पण गच्चीकडच्या खोलीत फोन कागलच्या बाजूचा, म्हणजे महाराष्ट्र सर्कलचा टॉवर पकडे. पूर्वी रोमिंगला, म्हणजे दुसऱ्या सर्कलमध्ये फोन वापरण्याला, वेगळे पैसे पडत, तेव्हा हॉटस्पॉट सुरू ठेवून लॅपटॉपवर बसलेल्या भावाने माझी शिल्लक एका दुपारीत संपवली होती. आता तो भुर्दंड नाही, तरी फोन दुसऱ्या सर्कलला गेला आणि डेटा रोमिंग बंद असले की रेंजच्या काड्या पूर्ण दिसूनही इंटरनेट मिळत नाही. अशा वेळी लॅपटॉपला दोष देण्याआधी फोनमधील ती एक कळ पाहावी.

शहापूर, बेळगाव

गल्लीत घराला घर लागून असल्यामुळे आमच्या लॅपटॉपवर सतरा-अठरा वाय-फायची नावे दिसतात. राउटर १,२०० रुपयांचा, पण संध्याकाळी सगळे घरी आले की वेग मंदावे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या (पट्ट्याचे क्रमांक दिलेले भाग) तीनच: १, ६ आणि ११. शेजारी बहुतेक सहावर होते, म्हणून आम्ही अकरा घेतली. फरक पडला, मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत अकरावरही गर्दी झाली.

शेजाऱ्यांशी निम्मे पैसे वाटून एकच जोडणी घेण्याचाही प्रयोग केला आणि सहा महिन्यांत सोडला. जोडणी ज्याच्या नावावर, जबाबदारीही त्याचीच. आणि सांकेतिक शब्द कोणाच्या पाहुण्याला गेला यावरून दोन घरांत अबोला यायची वेळ आली होती.

चिकोडी

थोडक्यात लिहिते. माझ्या लॅपटॉपचे वाय-फाय बिघडले. दुकानदाराने नवे कार्ड बसवण्याचे १,५०० रुपये सांगितले. त्याऐवजी मी फोन घरच्या वाय-फायला जोडला, चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला लावला आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग (वायरीतून लॅपटॉपला इंटरनेट देण्याची सोय) सुरू केले. फोन आपला मोबाइल डेटा न वापरता घरचेच वाय-फाय लॅपटॉपला देतो, हे मला तेव्हाच कळले. खर्च शून्य. फक्त वायर चार्जिंगपुरती नसून डेटाही वाहणारी हवी. माझ्याकडच्या तीन वायरींपैकी एकच तशी निघाली. फोन लॅपटॉपवरच चार्ज होतो, त्यामुळे वीज गेली की लॅपटॉपची बॅटरी मात्र लवकर उतरते.

विंडोज वापरणाऱ्यांनी फोनच्या जोडणीला ‘मीटर्ड’ (मोजून मिळणारा डेटा) अशी खूण जरूर करावी. मी ती केली नव्हती तेव्हा दिवसाचा दीड जीबी डेटा विंडोजच्या अपडेटनेच सकाळी नऊच्या आत संपवला होता आणि त्या दिवशीचा अर्ज शेवटी बस स्टँडजवळच्या दुकानात जाऊन भरावा लागला.