१५० सीसीपर्यंतच्या गाडीला ओ-रिंग चेन: गरज की हौस?

पाना_दहाबारा:
ज्या गाडीला पूर्ण बंद चेन कव्हर आहे, तिला ओ-रिंग चेन (प्रत्येक सांध्यात रबरी रिंगा असलेली) म्हणजे हौस. ४२८ साइझची रोलॉन किंवा डायमंडची साधी चेन पुरते. दर ५०० किमीला ९० नंबरचं गिअर ऑईल, आणि पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी. ओ-रिंगचं रबर प्रत्येक कडीत घासतं, मागचं चाक हाताने फिरवलं तरी जडपणा कळतो. १०० सीसीच्या इंजिनात मुळात ताकद ती किती, त्यातली रबरावर कशाला खर्च करायची?

घाटरस्ता:
जडपणा नवी असताना जास्त, नंतर कमी होतो. मुख्य मुद्दा वेगळाच आहे. 'चेन ताणली' म्हणतो आपण, पण पट्ट्या ताणत नाहीत, पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) झिजतात. १२० कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांध्यात ०.१ मिमी झीज धरा, एकूण चेन १२ मिमी लांबली! ओ-रिंग नेमकं तिथलंच कारखान्यात भरलेलं ग्रीस कोंडून ठेवते. साध्या चेनमध्ये ते पहिल्या पावसाळ्यात धुऊन जातं.

पाना_दहाबारा:
धुऊन जातं कारण लोक तेल चुकीच्या जागी लावतात. रोलरवर (बुशभोवती फिरणाऱ्या बाहेरच्या नळीवर) वरून ओतलेलं तेल फिरताना उडून रिमवर जातं. गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या बाजूच्या चेनवर आतून, आतल्या-बाहेरच्या पट्टीच्या फटीत थेंब थेंब सोडा. रात्रभर मुरू द्या, सकाळी जादा तेल फडक्याने पुसा.

लालमाती:
दर ५०० ला हे करणारे शंभरात किती, ते सांगा राव. कोकणात जून ते सप्टेंबर उघड्या चेनच्या गाडीवर साधी चेन बघा: पिनच्या टोकाशी लालसर भुकटी दिसते. ती भुकटी म्हणजे आतला सांधा कोरडा पडून गंजतोय. वरून तेल लावलं की चेन चकचकते, आवाजही थांबतो, पण झीज भरून येत नाही.
पण ओ-रिंगवाल्यांनाही एक सांगतो: 'हिला काही करावं लागत नाही' हा गैरसमज. ग्रीस पिन आणि बुशमध्ये कोंडलेलं असतं, रोलर बाहेरच असतात, त्यांना तेल लागतंच. साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल, थिनर, तारेचा ब्रश बंद, रबर खराब होतं. वॉशिंग सेंटरचा जेटही चेनवर थेट मारू देऊ नका. रिंग एकदा तुटली की त्या कडीत पुन्हा ग्रीस भरता येत नाही.

घाटरस्ता:
जेटचं शंभर टक्के बरोबर. आणि खोक्यावर 'इतक्या किलोला तुटते' लिहिलेलं असतं, त्यावर चेन निवडू नका. शंभर-दीडशे सीसीवर चेन तुटण्याआधी झिजूनच संपते. पट्टी लावून मोजा: ४२८ मध्ये एका पिनपासून एकविसाव्या पिनपर्यंत, मध्य ते मध्य, नवीन असताना २५४ मिमी. २५९ झाली की २ टक्के झीज, चेन काढा. ओ-रिंग चेनमध्ये २५६.५ लाच विचार करा. कारण लांबी वाढू लागली म्हणजे कुठेतरी ग्रीस संपलंय, आणि तिथून ती भराभर जाते.

चेनलॉक:
दोघांचं भांडण चालू द्या, पण बसवताना दोन्ही चेनची वाट लागते ती इथे. नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चक्रावर) चढवू नका. दात हुकासारखे वाकलेले असतील तर नवीही लवकर जाते, पूर्ण सेट बदला. ओ-रिंग चेनच्या पिना लांब असतात, पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरला आणि चेन कव्हरला घासतात का ते चाक फिरवून आधी बघा. लॉकच्या कडीत (चेनची दोन टोकं जोडणारी, क्लिप लावायची कडी) चार रिंगा असतात, त्या विसरू नका. बाहेरची पट्टी क्लिपची खाच उघडी पडेल एवढीच दाबा, जास्त दाबली तर कडी जाम होते. क्लिपचं बंद तोंड चेन जाते त्या दिशेला.
चेनची ढिलाई (वर-खाली हलणं) साधारण २० ते ३० मिमी, पण चाक फिरवत चार-पाच ठिकाणी तपासा आणि सर्वात घट्ट जागेवर सेट करा. ढिल्या जागेवर केली तर घट्ट जागा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते.

पाना_दहाबारा:
घट्ट जागेचं पटलं. बाकी कव्हरवाल्या गाडीला माझं मत तेच.

लालमाती:
कव्हरच्या आतला चिखल कधी खरवडून काढलाय का, पाना?