मदत हवी आहे: डहाणूहून जर्मनीला वारली चित्र मागवताना पॅकिंग, कस्टम्स आणि पैसे

नमस्कार मंडळी,

डहाणू तालुक्यातल्या एका वारली चित्रकाराकडून मोठं चित्र काढून घ्यायचं ठरलंय. ते श्टुटगार्टला आमच्या घरी आणायचं आहे. चार फूट बाय तीन फूट, कापडावर. मधोमध तारप्याचा नाच, कडेने भाताची लावणी. आई त्या भागातल्या आश्रमशाळेत शिकवायची, त्यामुळे वारली चित्रं घरात नेहमीच होती, पण सगळी छापील. हाताने काढलेलं हे पहिलंच.

चित्रकार दादा कुठल्या गॅलरीशी किंवा दुकानाशी बांधलेले नाहीत. घरीच काम करतात, त्यांची मुलगी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवते. त्यांनी ३८,००० रुपये सांगितले, मी लगेच हो म्हटलं. एवढ्या मापाच्या बारीक कामाला ती किंमत रास्तच आहे, त्यामुळे 'कमी करून घ्या' हा सल्ला कृपया नको. परदेशी त्यांनी आजवर काही पाठवलेलं नाही. वाटेत काही बिनसलं तर त्याचा भुर्दंड त्यांना पडू नये, एवढीच माझी धडपड आहे.

सगळ्यात मोठी काळजी गुंडाळण्याची. कापडावर आधी शेणाचा हात, त्यावर गेरू आणि मग पांढरं काम, अशी त्यांची पद्धत. असं कापड गुंडाळलं तर लेपाला तडे जातील का? सपाट पाठवायचं तर लाकडी खोका लागेल, आणि त्याचा खर्च चित्राच्या आसपास जातोय. शिवाय शेणाचा लेप जर्मन कस्टम्समध्ये अडेल का, हेही कळत नाही.

दुसरं, पैसे. मी थेट युरो पाठवावेत की ठाण्याच्या भावाने यूपीआयने द्यावेत? आगाऊ किती द्यावेत?

ओळखीतल्या दोघांनी सुचवलं की पार्सलवर 'गिफ्ट' लिहून किंमत ४० युरो दाखवा, कारण ४५ युरोंपर्यंतच्या भेटीवर कर नसतो. हे मी करणार नाही. ती सवलत एका माणसाने दुसऱ्याला विनामोबदला पाठवलेल्या वस्तूसाठी आहे, आणि इथे तर सरळ खरेदी आहे. त्या फॉर्मवर सही दादांची असणार. माझा कर वाचावा म्हणून त्यांनी खोटं का लिहून द्यावं? आणि पार्सल हरवलं तर विमाही दाखवलेल्या किमतीपुरताच मिळणार.

कुणी असं चित्र मागवलं असेल तर सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, माझा फ्रेमिंगचा व्यवसाय आहे, म्हणून फक्त पॅकिंगबद्दल लिहितो. चित्र गुंडाळता येतं, पण रंगाची बाजू बाहेर ठेवून. लोक ती जपायची म्हणून आत घेतात, तिथेच घोटाळा होतो. आत घेतली की थर चेपतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. बाहेर असला की तो फक्त किंचित ताणला जातो. नळी जाड हवी. प्लंबिंगच्या दुकानात सहा इंची पीव्हीसी पाइप मिळतो, त्यावर आधी ग्लासीन (गुळगुळीत, तुळतुळीत पातळ) कागद, मग चित्र, पुन्हा ग्लासीन, वरून प्लास्टिक आणि सगळं मिळून आणखी मोठ्या पाइपात किंवा जाड पुठ्ठ्याच्या नळीत. बबल रॅपचे फुगे रंगाला टेकू देऊ नका, गरमीत त्यांचे गोल ठसे उठतात. तीन फुटांची बाजू पाइपाच्या लांबीला घ्या, म्हणजे पार्सल आटोपशीर राहील.

मात्र शेणाचा लेप जाड असेल तर मी तो गुंडाळणार नाही. दादांना पातळ हात द्यायला सांगा किंवा नुसत्या गेरूवर काढून घ्या. पावसाळ्यात पाठवू नका. त्या हवेत बंद नळीत बुरशी धरते. दिवाळीनंतर, पूर्ण वाळल्यावरच बांधा.

लाकडी खोका करायचाच झाला तर साधी फळी चालत नाही. उष्णताप्रक्रिया केल्याचा आयएसपीएम-१५ (लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम) शिक्का लागतो. प्लायवूडला ती अट नाही.

प्रतिसाद २

मी म्युनिकला असते. हाताने काढलेलं चित्र कस्टम्सच्या मालाच्या यादीत ९७०१ या क्रमांकाच्या शीर्षकाखाली येतं. त्यावर सीमाशुल्क शून्य, आयातीचा व्हॅट १९ ऐवजी ७ टक्के. तो चित्राची किंमत आणि वाहतूक खर्च मिळून लागतो, आणि कर आधी भरल्याबद्दल कुरियरवाले आपलं वेगळं शुल्क घेतात. वारली काढलेले ट्रे किंवा किटल्या याच पार्सलात घालू नकोस. त्या ९७०१ मध्ये बसत नाहीत. बिलावर 'मूळ चित्र, हाताने काढलेलं', माप, माध्यम, वर्ष आणि खरी किंमत असू दे. १०० वर्षांहून जुन्या चित्रांना १९७२ च्या पुरावशेष कायद्याने निर्यातबंदी आहे, म्हणून वर्ष लिहिलेलं बरं.

शेणाबद्दल मात्र अंदाजाने चालू नकोस. प्राण्यांपासून आलेल्या पदार्थांबाबत इथले नियम कडक आहेत. कस्टम्सला लेखी विचारून घे, नाहीतर गेरूवरच काढून घे.

दादांनी विक्री म्हणून थेट परदेशी पाठवायचं तर त्यांना आयात-निर्यात कोड काढावा लागेल. फी ५०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन असतो आणि पुढे डाकघर निर्यात केंद्रातून पाठवता येतं. पुढेही परदेशी ग्राहक मिळणार असतील तर त्यांनी जरूर काढावा. पण या एका चित्रासाठी ठाण्याला मागवून घे आणि इकडे येणाऱ्या कुणाबरोबर आण. विमानाने येणाऱ्या प्रौढ माणसाला ४३० युरोंपर्यंतच्या घरगुती वापराच्या वस्तूंवर कर नाही. तुझं चित्र आजच्या दराने चारशेच्या आत आहे. बिल जवळ ठेवायला सांग.

आणि एक गोष्ट. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे तुझ्याकडे! तो दादांकडेच राहील असं दोन ओळींत लिहून दे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हे कलम मला माहीतच नव्हतं, आणि दादांनाही नसणार.

काल त्यांच्याशी बोलले. नुसत्या गेरूवर काढायला ते आनंदाने तयार आहेत. भाऊ निम्मे पैसे आत्ता देईल आणि उरलेले चित्र पूर्ण झाल्याचा फोटो आल्यावर, बांधायच्या आधीच. म्हणजे पुढे वाटेत काहीही झालं तरी दादांचे पैसे अडकणार नाहीत. पाइप आणि ग्लासीनही भाऊच ठाण्याहून नेईल आणि त्यांच्यासमोर बसून बांधेल. डिसेंबरात सासूबाई इकडे येणार आहेत, त्या आणतील. हक्काचं पत्र मराठीत लिहिलंय: चित्र माझं, त्याच्या प्रती काढण्याचा, ते छापण्याचा आणि विकण्याचा हक्क कायम चित्रकाराचा. यात आणखी काही घालायला हवं का? वकील मंडळी असतील तर कृपया नजर टाका.